सुमित नागल: ६८ वरून पुन्हा शंभराबाहेर. घसरण म्हणायची की हिशेब?

बेसलाइनवाला
१४ जानेवारी २०२५, सकाळी ११:०५

संक्रांतीच्या शुभेच्छा. तिळगूळ घ्या आणि निदान आजच्या दिवस गोड बोला. टेनिसच्या धाग्यावर ते आपल्याला जमत नाही हा अनुभव आहे, तरी सांगून ठेवतो.

परवा मेलबर्नला ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये आपला एकेरीतला टेनिसपटू सुमित नागल पहिल्याच फेरीत टोमास माखाचकडून हरला. ३-६, १-६, ५-७. तिसऱ्या सेटमध्ये जरा धुगधुगी दिसली, बाकी सामना एकतर्फीच. संध्याकाळपर्यंत आमच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर 'संपला', 'एका वर्षाचा पाहुणा', 'पुन्हा शंभराबाहेर चालला' असा गजर सुरू झाला. तिथे टाइप करून अंगठा दुखला, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

आधी साधा हिशेब. एटीपीची (पुरुष व्यावसायिक टेनिसपटूंची संघटना) क्रमवारी म्हणजे गेल्या ५२ आठवड्यांची खातेवही. या आठवड्यात जमा झालेले गुण पुढच्या वर्षी याच आठवड्यात वजा होतात. तितके पुन्हा कमावले तर तुम्ही जागेवर, नाहीतर खाली. गेल्या जानेवारीत नागलने मेलबर्नला पात्रतेच्या तीन फेऱ्या जिंकल्या, त्याचे ३०. मग मुख्य स्पर्धेत ३१वं मानांकन असलेल्या अलेक्झांडर बुब्लिकला सरळ तीन सेटमध्ये घरी पाठवलं आणि दुसरी फेरी गाठली, त्याचे ५०. एकूण ८०. यंदा पहिल्या फेरीतल्या हारीचे १०. एका दुपारीत ७० गुणांचा खड्डा. १० फेब्रुवारीला गेल्या वर्षी जिंकलेल्या चेन्नई चॅलेंजरचे (मुख्य दौऱ्याच्या एक पायरी खालची स्पर्धा) १०० वजा होतील. शंभराच्या आत राहायला साधारण सहाशेच्या पुढे गुण लागतात. त्यातले १७० महिन्याभरात गेले तर कोणीही खाली येणारच. यात 'संपला' कुठून आलं?

आता माझा खरा मुद्दा, यावर दगड मारा. नागल खाली येतोय तो वर गेला म्हणून.

२०२४ च्या पूर्वार्धात त्याचं पोट चॅलेंजर स्पर्धांवर भरत होतं. फेब्रुवारीत चेन्नई जिंकून तो ९८ वर आला. जूनमध्ये हाइलब्रॉन जिंकली, लगेच पेरुजात अंतिम फेरी, आणि १५ जुलैला ६८. भारतीय पुरुषांत विजय अमृतराज (१८), रमेश कृष्णन (२३) आणि सोमदेव देववर्मन (६२) यांच्या खालोखाल हाच. पण शंभराच्या आत गेलं की तुम्ही मोठ्या स्पर्धांत थेट घुसता आणि समोर येतात ते खाचानोव, केस्मानोविच, ग्रीक्सपूर. पॅरिस, विम्बल्डन, न्यूयॉर्क, तिन्हीकडे नागल पहिल्या फेरीत बाहेर. तिन्ही ग्रँड स्लॅमचे (मेलबर्न धरून वर्षातल्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धा) मिळून ३० गुण. हाइलब्रॉनच्या एका आठवड्यात त्याला १०० मिळाले होते.

मग त्याने मोठ्या स्पर्धा सोडून चॅलेंजरच खेळत बसायचं का? मुळीच नाही. पण वरच्या वर्गात बसून नापास होणं आणि खालच्या वर्गात पहिला येणं यातली प्रगती कुठली, ते क्रमवारीचा आकडा सांगत नाही. माझं भाकीत लिहून ठेवा: हा माणूस पुन्हा चॅलेंजरमध्ये उतरेल, क्ले कोर्टवर (म्हणजे मातीवर) जिंकेल आणि दिवाळीपर्यंत शंभरात परत येईल.

---

आगाऊ_कार्टा
१४ जानेवारी, ११:२२

एवढं सगळं लिहिण्यापेक्षा 'सर्व्हिस नाही' हे दोन शब्द लिहिले असते तरी चाललं असतं. ह. घ्या.

(पॉपकॉर्नऐवजी आज तिळाच्या वड्या घेऊन बसलोय.)

---

चिंतोपंत
१४ जानेवारी, दुपारी १:४०

हिशेब चोख आहे, निष्कर्ष नाही.

५२ आठवड्यांचा नियम काय फक्त नागललाच आहे? शंभराच्या आतल्या प्रत्येकाचे गुण दर सोमवारी गळतात आणि प्रत्येक जण ते भरून काढतो. जो सातत्याने भरतो त्यालाच शंभरातला खेळाडू म्हणायचं. एक चांगला जून आणि एक चांगला फेब्रुवारी यांच्या जोरावर वर गेलेला माणूस खाली आला, तर त्याला घसरणच म्हणतात. शेअर बाजारात तुम्ही याला 'करेक्शन' म्हणून सोडून द्याल, पण पैसे गेलेले असतात.

२०१९ च्या यूएस ओपनला त्याने फेडररकडून पहिला सेट ६-४ घेतला. मी तो सामना पहाटे उठून पाहिला आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात पेंगलो. बाकीचे तीन सेट फेडररने घेतले तो भाग आपण सोयीस्कर विसरतो. त्यानंतर आजवर ग्रँड स्लॅमच्या मुख्य फेरीत एकेरीचे विजय किती? दोन. २०२० ला न्यूयॉर्कमध्ये ब्रॅडली क्लानविरुद्ध आणि गेल्या वर्षी बुब्लिकविरुद्ध. साडेपाच वर्षांत दोन. वय २७.

दिवाळीची पैज लावता? हरणाऱ्याने मिसळ द्यायची. तर्री, जादा पाव, वर ताक.

---

बेसलाइनवाला
१४ जानेवारी, १:५२

लावली. आगाऊ साक्षीदार.

---

बालेवाडीकर
१४ जानेवारी, संध्याकाळी ६:१५

सर्व्हिसवरून आठवलं. २०१९ ला बालेवाडीला महाराष्ट्र ओपनची फायनल बघायला गेलो होतो, केव्हिन अँडरसन विरुद्ध इव्हो कार्लोविच. एक ६ फूट ८ इंच, दुसरा ६ फूट ११, आणि दुसऱ्याचं वय ३९. तीन सेट, तिन्ही टायब्रेक, शेवटी अँडरसन जिंकला. माझ्या शेजारच्या आजोबांनी दुसऱ्या सेटमध्ये विचारलं, "हे दोघे चेंडू परत कधी मारणार?" चेंडू परत यायला वेळच मिळत नव्हता!

ते बघून घरी येताना डोक्यात हेच होतं की आपल्या ५ फूट १० इंचाच्या पोरांनी या खेळात करायचं काय. नागलचा एकेक सर्व्हिस गेम म्हणजे घाम गाळून मिळवलेली मजुरी. अँडरसन चार फटक्यांत गेम संपवून खुर्चीत बसतो. नागलला त्याच गेमसाठी चौदा-पंधरा रॅली लागतात. पाच सेटच्या सामन्यात हे साचत जातं. हार्ड कोर्टवर तर विचारू नका.

पण मग दिएगो श्वार्ट्झमनचं काय? ५ फूट ७ इंच, आणि २०२० ला जगात आठवा. म्हणजे उंची हे पूर्ण उत्तर नाही. श्वार्ट्झमनचा रिटर्न जगातल्या पहिल्या पाच-सहांत होता. आपल्या भिडूचा फोरहँड छान आहे, पाय अफलातून चालतात, पण दुसरी सर्व्हिस पडली की समोरचा दोन पावलं आत येऊन उभा राहतो. टीव्हीवर सुद्धा दिसतं.

अवांतर: ती बालेवाडीची स्पर्धा गेली ती गेलीच. चेन्नईकडून २०१८ ला पुण्याने घेतली, पाच वेळा झाली आणि आता त्या आठवड्यात हाँगकाँग. आपल्या मुलांना घरच्या प्रेक्षकांसमोर मोठ्या स्तरावर मिळणाऱ्या वाइल्ड कार्डचा (क्रमवारी न बघता दिलेल्या प्रवेशाचा) एक दरवाजा बंद झाला. यावर कोणी धागा काढेल का?

---

हॅनोव्हरकर
१५ जानेवारी, पहाटे २:३०

इथे थंडीने झोप येत नाही, म्हणून लिहितो.

नागल ज्या अकादमीत सराव करायचा ती पाइनेला आहे, हॅनोव्हर आणि ब्राउनश्वाइगच्या मधलं छोटं गाव. माझ्या ट्रेनच्या वाटेवर लागतं. सप्टेंबर २०२३ मध्ये त्याची मुलाखत आली होती, आठवते का? बँकेत ९०० युरो उरलेत म्हणाला. भारताचा पहिल्या क्रमांकाचा एकेरीतला खेळाडू! ९०० युरो म्हणजे इथल्या एका साध्या फ्लॅटचं महिन्याचं भाडं, हीटिंग धरलं तर तेही नाही. वर्षाचा खर्च साधारण एक कोटी रुपये सांगितला होता त्याने. आणि ही मुलाखत कधीची? त्याच वर्षी त्याने रोम आणि टांपेरे अशा दोन चॅलेंजर जिंकल्यानंतरची.

आता बेसलाइनवालांच्या मुद्द्याला दुसरीकडून धरतो. गुणांच्या खात्यात पॅरिस, विम्बल्डन, न्यूयॉर्कची पहिली फेरी म्हणजे १०-१०-१०. पैशाच्या खात्यात? पॅरिस ७३ हजार युरो, विम्बल्डन ६० हजार पौंड, न्यूयॉर्क १ लाख डॉलर. फक्त पहिली फेरी हरण्याचे. त्याआधी मेलबर्नला बुब्लिकला हरवल्याचे १ लाख ८० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर, रुपयांत जवळपास ९८ लाख. एका वर्षात माणूस ९०० युरोवरून इथे आला. यातून कर जातो, कोचचा पगार जातो, फिजिओचं तिकीट आणि हॉटेल जातं, पण पुढची दोन वर्षं 'खेळू की सोडू' हा प्रश्न पडत नाही. चिंतोपंत, तुमच्या शेअर बाजारात याला लाभांश म्हणत असतील.

एक आतली गंमत. इथे उन्हाळ्यात क्लबांची टेनिस लीग असते, बुंडेसलिगा. शंभर ते तीनशेमधले युरोपियन खेळाडू आठवड्याच्या शेवटी क्लबसाठी सामने खेळून ठराविक मानधन घेतात आणि सोमवारी पुढच्या स्पर्धेला जातात. बरेच जण त्यावर वर्ष काढतात. आपल्याकडे क्रमवारीत दोनशेवर असलेल्याला असा कुठला आधार आहे?

---

रॅकेटची_आई
१५ जानेवारी, सकाळी ८:१०

हॅनोव्हरकरांचा प्रतिसाद वाचून राहवलं नाही.

माझी मुलगी चौदा वर्षांखालील स्पर्धा खेळते. क्रमवारी या शब्दाने आमच्या घरात काय धुमाकूळ घातलाय ते सांगते. ती आधी एका अकादमीत जायची. तिथल्या सरांनी पहिल्याच महिन्यात सांगितलं, "गुण हवेत तर जिथे ड्रॉ हलका असेल तिथे जा, मग ते गाव कुठलंही असो." आम्ही वर्षभर तेच केलं. रात्रीच्या ट्रॅव्हल्सने जायचं, सकाळी रिपोर्टिंग, दोन सामने, परत रात्रीची गाडी. क्रमवारी झकास वर गेली. मग एका मोठ्या स्पर्धेत तिच्याहून साठ जागा खालची मुलगी समोर आली आणि ६-१, ६-१. ती दुसरी मुलगी कुठेच हिंडत नव्हती, एकाच ठिकाणी रोज चार तास सराव करत होती.

अकादमी बदलली. आता वर्षाला मोजक्या स्पर्धा. क्रमवारी खाली आली, नातेवाईक विचारतात "मागे पडली का हो?" मुलगी मात्र रविवारी स्वतःहून बॅग भरते, रॅकेटचं गटिंग सैल झालंय म्हणून मागे लागते. यातलं काय कुठल्या यादीत दिसणार?

नागलची बाजू घेण्यासाठी हे लिहिलं नाही. मला त्याच्या खेळातलं फारसं कळतही नाही, मी कोर्टाबाहेर डबे सांभाळणारी.

---

आगाऊ_कार्टा
१५ जानेवारी, ८:३१

ताई, डबे सांभाळणाऱ्यांना या धाग्यावर इतरांपेक्षा जास्त कळतंय. +१

---

नेटवरचा_कावळा
१५ जानेवारी, १०:०४

सगळे गोडगोड बोलताहेत म्हणून मी कडू बोलतो. देशासाठी खेळायला ५० हजार डॉलर मागणारा खेळाडू हा. डेव्हिस कपला (देशांच्या संघांची स्पर्धा) स्वीडनविरुद्ध गेला नाही, पाठ दुखतेय म्हणाला. पाकिस्तानलाही गेला नव्हता. आणि आपण त्याच्या गुणांचे हिशेब मांडत बसलोय. लिअँडर पेस असा होता का?

---

चिंतोपंत
१५ जानेवारी, १०:४०

कावळेसाहेब, मी नागलचा वकील नाही, पण इथे तुम्ही घसरताय. एआयटीएने (अखिल भारतीय टेनिस संघटनेने) सांगितलं की त्याने वर्षाला ५० हजार डॉलर मागितले. त्याने उत्तर दिलं की व्यावसायिक खेळात खेळाडूला मोबदला मिळणं ही जगरहाटी आहे. दोन्ही बाजू जाहीर आहेत. मोबदला मागणं हा गुन्हा कधीपासून झाला? क्रिकेटपटू भारताकडून खेळल्याचं मानधन घेतात, त्यांच्या देशप्रेमाला कोणी हात लावत नाही.

शिवाय पाकिस्तानच्या लढतीला तो गेला नाही म्हणून संघटनेने ऑस्ट्रेलियन ओपनच्या आशिया-पॅसिफिक वाइल्ड कार्डसाठी त्याचं नाव पाठवलं नाही. मग पठ्ठ्या पात्रता फेरी खेळून आत गेला आणि बुब्लिकला हरवलं. सगळ्या प्रकरणात मला त्याचं हेच उत्तर सगळ्यात आवडलं.

माझा आक्षेप त्याच्या दुसऱ्या सर्व्हिसवर आहे, देशप्रेमावर नाही.

---

नेटवरचा_कावळा
१५ जानेवारी, १०:५५

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

---

संपादक मंडळ
१५ जानेवारी, ११:१०

वैयक्तिक शेरे असलेले दोन प्रतिसाद उडवले आहेत. विषय टेनिस आहे. पुन्हा तसं झालं तर धागा वाचनमात्र करू.

---

जुना_प्रेक्षक
१५ जानेवारी, दुपारी ४:२०

मंडळी, वय झालं म्हणून आठवणी सांगतो, कंटाळलात तर पुढे सरका.

१९७४ ला पुण्यात भारताने डेव्हिस कपच्या उपांत्य लढतीत सोव्हिएत संघाला ३-१ हरवलं. मी शाळेत होतो. काका घेऊन जाणार होते, पण मला ताप आला आणि मी घरी रेडिओला कान लावून बसलो. पुढे अंतिम लढत दक्षिण आफ्रिकेशी होती, तिथल्या वर्णभेदामुळे भारत सरकारने खेळायला नकार दिला आणि कप त्यांना आयता मिळाला. पन्नास वर्षं झाली, मला त्या तापाचा राग अजून आहे.

सांगायचं कारण असं. विजय, रमेश, नंतर लिअँडर, आपली सगळी थोर मंडळी हिरवळीवरची. नाजूक हात, नेटवर धाव, व्हॉली. १९८९ ला रमेशने विलँडरला हरवलं तेव्हा विलँडर जगात पहिला होता, पण रमेशच्या हातात इतकं कसब होतं की त्याच्या फटक्याचा आवाजही येत नसे. हा नागल त्या घराण्यातलाच नाही. मातीवर मागे उभा राहून, पाय रोवून, जोरात टॉपस्पिन मारणारा भारतीय आम्ही उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. गेल्या एप्रिलमध्ये माँटे कार्लोला पात्रतेतून आत येऊन त्याने जगात ३८वा असलेल्या अर्नाल्डीला हरवलं. क्लेवरच्या मास्टर्स (ग्रँड स्लॅमच्या खालोखालच्या) स्पर्धेच्या मुख्य फेरीत एकेरीचा सामना जिंकणारा पहिला भारतीय. पुढच्या फेरीत होल्गर रूनकडूनही एक सेट काढला. हरियाणातल्या झज्जरचा मुलगा युरोपातल्या लाल मातीवर युरोपियनांना हरवतो याचं मला ६८ पेक्षा जास्त अप्रूप आहे.

टोकियोलाही इस्तोमिनला हरवून ऑलिंपिकमध्ये एकेरीचा सामना जिंकणारा तो तिसराच भारतीय पुरुष झाला होता. आधीचे झीशान अली आणि लिअँडर. त्यानंतर कमरेच्या सांध्याची शस्त्रक्रिया झाली आणि क्रमवारी पाचशेच्या पलीकडे गेली. तिथून तो आधी एकदा परत आलेला आहे, एवढं चिंतोपंतांनी ध्यानात घ्यावं.

---

सव्वासेर
१५ जानेवारी, रात्री ९:००

मला एक कळत नाही, हा दुहेरी का खेळत नाही? गेल्या वर्षी बोपण्णा ४३ व्या वर्षी मेलबर्नला दुहेरी जिंकला आणि जगात पहिला झाला. आपल्या पुण्याचा अर्जुन कढे बघा, ऑक्टोबरमध्ये बोल्लीपल्लीबरोबर अल्माटीला एटीपीचं दुहेरीचं विजेतेपद घेतलं. युकी भांबरी एकेरीत ८३ पर्यंत गेला होता, तोही आता दुहेरीकडे वळला. कारकीर्द लांबते, दुखापती कमी.

---

बालेवाडीकर
१५ जानेवारी, ९:२५

सव्वासेर, दुहेरीत पहिल्या दोन फटक्यांत खेळ संपतो: सर्व्हिस आणि रिटर्न, मग नेट. नागलचा माल बरोबर उलटा आहे. त्याला दुहेरी खेळ म्हणणं म्हणजे कसोटीतल्या पुजाराला शेवटच्या दोन षटकांसाठी पाठवणं. आणि दुहेरीची क्रमवारी वेगळी, तिथे शून्यापासून सुरुवात.

कढेचं कौतुक आहेच. पण आपल्याकडे दुहेरी ही बहुतेक वेळा एकेरीतून निवृत्तीची पायरी ठरते, म्हणून एकेरीला चिकटून राहणारा एखादा तरी असू दे.

---

बेसलाइनवाला
१६ जानेवारी, सकाळी ७:४५

सगळ्यांना एकत्र उत्तर देतो.

चिंतोपंत, 'सातत्याने भरतो तोच शंभरातला' हे मान्य. पण ग्रँड स्लॅमचं दार कुठे आहे तेही बघा. १२८ जागांपैकी १०४ क्रमवारीने थेट, १६ पात्रतेतून, ८ वाइल्ड कार्ड. त्यामुळे ९८ आणि ११० यांच्यात खेळाचा फरक नखाएवढा, पण एकजण पहिल्या फेरीचे पैसे खात्रीने घेऊन येतो आणि दुसऱ्याला तीन सामने जिंकावे लागतात. पात्रतेत १२८ जण आणि जागा १६. गेल्या मार्चमध्ये इंडियन वेल्सला नागल पात्रतेत हरला होता, नडालने माघार घेतली म्हणून 'लकी लूजर' म्हणून आत आला आणि राओनिककडून हरला. या उंबरठ्यावरच्या लोकांचं आयुष्य असं दुसऱ्याच्या दुखापतीवर चालतं.

रॅकेटची_आई, तुमचा प्रतिसाद माझ्या मूळ लेखापेक्षा चांगला आहे. मुलीला शुभेच्छा.

---

बालेवाडीकर
१४ सप्टेंबर २०२५, सकाळी ९:३०

धागा वर काढतोय, कारण तसंच आहे!

भारताने स्वित्झर्लंडला बीलमध्ये, त्यांच्या घरात, डेव्हिस कपमध्ये ३-१ हरवलं. १९९३ ला फ्रान्सला फ्रेजूसमध्ये हरवल्यानंतर युरोपियन संघाला त्यांच्या मैदानावर हरवायला ३२ वर्षं लागली. नागलने ह्युस्लरला ६-३, ७-६ आणि काल निर्णायक सामन्यात हेन्री बर्नेटला ६-१, ६-३. दोन्ही सामने इनडोअर हार्डवर, जिथे आपण सगळ्यांनी त्याला बाद ठरवलं होतं.

आणि दक्षिणेश्वर सुरेश! क्रमवारी ६२६. समोर जेरोम किम, १५५. सरळ सेटमध्ये हरवला.

---

नेटवरचा_कावळा
१४ सप्टेंबर, ९:५०

मी जानेवारीत जे बोललो ते मागे घेतो. काल घरात एकटाच ओरडत होतो, शेजारी बेल वाजवून गेले.

---

चिंतोपंत
१४ सप्टेंबर, १०:१५

अभिनंदन, मनापासून. दोन्ही सामने पूर्ण पाहिले. बर्नेटविरुद्ध तर एकदाही धाकधूक झाली नाही.

पण हा धागा क्रमवारीचा आहे, तेव्हा तिकडे वळू. बेसलाइनवाला, तुमचं भाकीत होतं की चॅलेंजरमध्ये उतरेल आणि क्लेवर गुण भरून काढेल. उतरला. भरले का? जूनमध्ये हाइलब्रॉनचे १०० वजा झाले, पेरुजाचेही गेले. फ्रेंच आणि विम्बल्डन, दोन्हीकडे पात्रता फेरीतच बाहेर. आज तो दोनशेच्याही पलीकडे आहे. मोठ्या स्पर्धेत पहिल्या फेरीत हरतो म्हणून क्रमवारी घसरली, हा तुमचा सिद्धांत जुलै ते जानेवारीपुरता बरोबर होता. पुढची घसरण चॅलेंजरमध्येच झालेली आहे.

---

बेसलाइनवाला
१४ सप्टेंबर, ११:३०

मान्य. हिशेब बरोबर होता, भाकीत साफ चुकलं. वजा होणारे गुण मला दिसत होते, जमा होणारे मी गृहीत धरले.

फक्त एक गोष्ट. गेल्या वर्षी मेलबर्नला नागलने ज्या बुब्लिकला हरवलं, तो या मार्चमध्ये ऐंशीच्या खाली घसरला होता. तेव्हा लोक त्यालाही 'संपला' म्हणत होते. मग त्याने ट्युरिनची चॅलेंजर जिंकली, पॅरिसला ड्रेपरला हरवून उपांत्यपूर्व फेरी गाठली, हॅलेला सिनरला हरवून थेट स्पर्धाच जिंकली. तीन महिन्यांत.

---

चिंतोपंत
१४ सप्टेंबर, ११:४२

बुब्लिककडे सर्व्हिस आहे हो.

---

आगाऊ_कार्टा
१४ सप्टेंबर, ११:४४

मी हेच १४ जानेवारीला ११:२२ ला म्हणालो होतो, वर जाऊन बघा. दोन शब्दांत.

बरं, साक्षीदार या नात्याने आठवण: दिवाळीला महिनाभर उरलाय. दोनशेपलीकडून शंभरात यायला महिनाभर पुरत नाही हे मलाही कळतं. बेसलाइनवाला, मिसळ कुठे?

---

हॅनोव्हरकर
१४ सप्टेंबर, दुपारी १२:२०

दिवाळीला पुण्यात येतोय. माझं नाव धरा. मिसळ तिखटच हवी, इथलं सगळं अळणी खाऊन जीभ मेलीय.

---

रॅकेटची_आई
१४ सप्टेंबर, २:०५

आम्हीही येऊ, त्या रविवारी स्पर्धा नसेल तर. लेकीने काल बर्नेटचा सामना माझ्या शेजारी बसून पाहिला आणि संपल्यावर म्हणाली, "आई, हा दोनशेच्या खाली कसा काय?" मी म्हटलं, इथल्या काकांना विचार.

---

बेसलाइनवाला
१४ सप्टेंबर, २:३०

हरलो, देतो. चिंतोपंत, तर्री, जादा पाव, ताक, सगळं. आकडा कळवा, टेबल धरून ठेवतो.

---

चिंतोपंत
१४ सप्टेंबर, ३:१०

पैज मी जिंकलो यात वाद नाही. पण ह्युस्लरविरुद्धचा दुसरा सेट टायब्रेकला गेला तेव्हा मी देव्हाऱ्यापुढे हात जोडले होते, हे बायकोने पाहिलंय, ती कुठेतरी सांगेलच. तेव्हा टीटीएमएम करू. ताक मात्र तुमच्याकडून.